कोल्हापुरात मोटरहोम लावायला रात्रीचे १२०० रुपये द्यावेत का?

तुमचा बेत असा दिसतोय: पुण्याहून भाड्याची मोटरहोम, दोन मोठे, दोन लहान. पहिली रात्र साताऱ्याला, पुढच्या दोन कोल्हापुरात आणि मग आजरा-आंबोलीवरून गोवा. इथला एक रिसॉर्टवाला नुसती गाडी उभी करायचे १२०० आणि विजेचे वेगळे ३०० मागतोय. द्यावेत, की पेट्रोल पंपावर लावून झोपावं?

दोनपैकी एका रात्रीचे पैसे द्या. पण त्या रिसॉर्टला नको.

मी कोल्हापूरचाच. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन तिची मोटरहोम करायचं आतलं सगळं काम उद्यमनगरात करून घेतलं, त्याला आता चौथं वर्ष लागलं. (आरटीओत त्या बदलाची नोंद करून घ्यायला गाडी बांधण्यापेक्षा जास्त दिवस गेले, पण तो रडगाण्याचा विषय वेगळा.)

अंथरूण तुमच्या गाडीत आहे, शेगडी आहे, छप्पर आहे. मग समोरचा तुम्हाला विकतो काय? टाकीत पाणी, संडासाची कॅसेट (खालची, बाहेर काढता येणारी मैल्याची टाकी) रिकामी करायची सोय, वीज आणि शांत झोप. यातली वीज सगळ्यात स्वस्त. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट. फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल एवढ्यावर रात्र निघते, आणि दिवसभर गाडी चालली की बॅटरी परत भरते. रात्रभर एसी लावला तरी पाच-सहा युनिट. पंधरा रुपयांनी धरा, शंभरही होत नाहीत. ३०० कशाचे? आणि कोल्हापूर आहे साडेपाचशे मीटर उंचीवर. मे महिना सोडला तर रात्री एसीची आठवणसुद्धा येत नाही. ते पैसे गोव्यासाठी ठेवा, तिथल्या दमटपणात विजेचं कनेक्शन खरंच लागेल.

खरी अडचण कॅसेटची. साधारण वीस लिटरची असते, चार माणसांत दोन दिवसांत भरते. म्हणजे तुमची बरोबर कोल्हापुरात भरणार. मी पन्हाळ्याच्या रस्त्यावर एका ठिकाणी हजार रुपये देऊन राहिलो होतो. फोनवर "सगळी सोय आहे सर". जाऊन बघतो तर लॉनवरच्या दिव्याचा सहा अँपिअरचा सॉकेट, एसी लावला की एमसीबी खाली. पाण्याचा नळ पार पलीकडच्या टोकाला. कॅसेट कुठं ओतू म्हणून विचारलं, तर मॅनेजरनं शांतपणे मागच्या ओढ्याकडं बोट दाखवलं. तशीच उचलून परत गाडीत ठेवली. वर रात्री लॉनवर कुणाचं तरी रिसेप्शन. हजार रुपयांत मला मिळालं काय, तर फाटक.

म्हणून आता मी आवार असलेलं साधं लॉज बघतो आणि सगळ्यात स्वस्त, बिनएसीची एक खोली घेतो. मला आठ-नऊशेत मिळते. झोपायचं गाडीतच, पण चौघांच्या गरम पाण्यानं आंघोळी होतात, मालकाला सांगून टाकी भरून घेतो, आणि त्याला विचारूनच कॅसेट खोलीच्या संडासात हळूहळू रिकामी करून वर भरपूर पाणी मारतो. कॅसेटमध्ये फॉर्मालिनवालं निळं रसायन घालत असाल तर हे करू नका, सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात. त्याऐवजी जैविक पावडर मिळते. लॉज शक्यतो हायवेच्या बाजूला, तावडे हॉटेल चौक ते उजळाईवाडी या पट्ट्यात बघा. पेठांत एवढी गाडी घालू नका, वायरी खाली लोंबतात. अंबाबाईला रिक्षानं जा, आणि येताना रात्री गंगावेशीत धारोष्ण दूध प्या. मुलांना म्हशी बघायला मिळतील.

दुसरी रात्र फुकट. पंप चालतो: उजेड असतो, माणसं जागी असतात. तिथंच डिझेल भरायचं आणि विचारून लावायची. मला एकदा उत्तर मिळालं होतं, "लावा की, पण सहाच्या आत काढा, टँकर यायचा हाय." झोप मात्र अर्धवट. शेजारी ट्रक रात्रभर घुरघुरत असतो.

त्यापेक्षा हंगामात येत असाल, म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, तर गुऱ्हाळ गाठा. दिवसा जाऊन गूळ घ्या, गुळव्याशी बोला, मालकाला रात्री गाडी लावू का विचारा. मला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. चुलवाणात चिपाडं जळतात, धूर अंगाला येतो, उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत जातात, पण सकाळी काहिलीजवळ उभं राहून गरम काकवी खाल्ली की सगळं माफ. फ्रान्समध्ये हीच गोष्ट १९९३ पासून रीतसर चालते. 'फ्रान्स पॅशन'चं सभासद झालं की शेतकऱ्याच्या आवारात २४ तास फुकट थांबता येतं. मुख्य अट, पाणी-संडास तुमचं तुमच्या गाडीत. आपल्याकडं सभासदत्व म्हणजे दोन किलो गूळ. फक्त शेतपंपाच्या लाइनवरून गाडीला वीज घेऊ नका, व्होल्टेजचा भरवसा नाही.

फुकट जागेच्या नादानं पन्हाळ्यावर चढायचा मोह मात्र आवरा. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, घाटात अशी गाडी आठच्या वर ॲव्हरेज देत नाही. पाच लिटर डिझेल, म्हणजे साडेचारशे गेलेच. गड बघायला जरूर जा, झोपायला नको.

पावसाळ्यात येत असाल तर पंचगंगेच्या घाटाजवळ कुणी कितीही छान जागा दाखवू दे, थांबू नका. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. निघायच्या दिवशी बातम्यांत तो आकडा बघा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता.

लॉज ठरवताना फोनवर आधी फाटकाच्या कमानीची उंची विचारा, दर नंतर. भाड्याच्या गाडीची उंची कागदावर असते, पण छतावरचा एसी त्यात धरलाय का ते गाडी ताब्यात घेतानाच टेपनं मोजून बघा. मी कमानीत अडकून झालोय.