अंताक्षरीऐवजी 'पटलं का?' खेळून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रुपमधला एक जण फक्त इंग्रजी रॉक ऐकतो, दोघं जुन्या हिंदी गाण्यांत रमलेले, भाची आली की तिचं कोरियन सुरू, आणि अंताक्षरीला बसलं की यातले निम्मे गप्प. सगळ्यांना खेळता येईल असं गाण्यांचं काही आहे का?

आहे. आमच्या कट्ट्यावर त्याला 'पटलं का?' म्हणतात. आमच्याकडेही एक रॉकवाला आहे, एक तबला शिकलेला, दोघी विविध भारतीवर वाढलेल्या आणि बाकीचे गणपतीत जे वाजेल ते ऐकणारे. अंताक्षरी सुरू झाली की रॉकवाला वेफर्सची पिशवी घेऊन गॅलरीत जायचा. गाण्यातलं त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं, पण मुखडे पाठ नाहीत. अंताक्षरी शेवटी पाठांतराची परीक्षा आहे, आणि 'ठ' आला की जगभरचे मराठी लोक तीच दोन-तीन गाणी काढतात.

खेळ सोपा आहे. एकाने शब्द द्यायचा, रोजच्या वापरातला. शेजारच्याने पाच आकडे मोजेपर्यंत त्यावरून आठवलेलं काहीही सांगायचं: गाणं, गायक, बँड, वाद्य, कॅसेटच्या कव्हरवरचं चित्र. मग एका वाक्यात जोड पटवायची. बाकीचे 'पटलं' म्हणाले तर पुढचा शब्द त्यानेच द्यायचा, आणि तो आधीच्या उत्तरातून निघालेला हवा. नाही पटलं तर पाळी पुढच्याकडे. गुण आम्ही मांडत नाही. मांडले की लगेच कोणीतरी हिशेबनीस होतो आणि कोणीतरी रुसतं.

बंदी एकाच गोष्टीवर: नावाचं भाषांतर चालणार नाही. 'राणी' म्हटल्यावर क्वीन हा बँड, 'दगड' म्हटल्यावर रोलिंग स्टोन्स हा बँड, 'चंद्र' म्हटल्यावर मुखड्यात चंद्र असलेल्या शेकडो गाण्यांपैकी एक, हे शब्दकोशालाही जमतं. जोड ऐकण्यातून, बघण्यातून किंवा माहितीतून यायला हवी.

नमुना सांगतो. कोणीतरी 'पाचगणी' दिला. स्ट्रॉबेरी, टेबल लँड असं काहीतरी डोक्यात घोळत असताना रॉकवाला म्हणाला, "फ्रेडी मर्क्युरी." हे ज्यांना माहीत नव्हतं ते उडालेच. क्वीनचा हा गायक, म्हणजे झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी घरात जन्मलेला फारुख बलसारा, शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता, आणि 'हेक्टिक्स' नावाच्या शाळेतल्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पटलं. आता शब्द द्यायची पाळी त्याची. त्याने दिला 'बिस्मिल्ला', कारण क्वीनच्या १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त तो शब्द चक्क कोरसमध्ये येतो. विविध भारतीवालीने क्षणाचाही वेळ न लावता सांगितलं, "शहनाई. 'गूँज उठी शहनाई', १९५९. वाजवणारे बिस्मिल्ला खाँ आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं." आता हे नावावरून नाव झालं की नाही, यावर जो वाद पेटला त्यात चहा गार झाला. बंदी भाषांतरावर आहे, नावावर नाही, असा तिचा मुद्दा होता. कायद्याने बरोबर होता, म्हणून मान्य करावा लागला. मला व्यक्तिशः अजून तो पळवाट वाटतो.

पण मला या खेळाची खरी गोडी लागली ती 'सात' या शब्दामुळे. सप्तसूर, सात फेरे अशी उत्तरं येऊन पडत होती, तोच तबलेवाला म्हणाला, "पिंक फ्लॉइड." तो पिंक फ्लॉइड ऐकतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याने फोनवर 'मनी' लावलं. या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधलं हे गाणं गल्ल्याच्या आणि नाण्यांच्या आवाजाने सुरू होतं, मग बास गिटार येते. त्यावर तो मांडीवर ठेका धरून म्हणायला लागला: ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा बरोबर बसत होत्या. रॉकवाला हे गाणं कॉलेजपासून ऐकत आलाय, पण त्याने मात्रा कधी मोजल्याच नव्हत्या. पुढे गिटारचा मोठा तुकडा येतो तिथे गाणं सातातून चारात जातं, आणि इतकी वर्षं तिथेच मोकळं का वाटतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. तबलेवाल्याने लगेच सावधही केलं: आपल्या सात मात्रांच्या रूपक तालात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (हलका, वजन नसलेला ठोका) असते, इथे पहिल्या मात्रेवर बास दणकून येतो, म्हणजे मोजणी जुळते, वजन नाही. दोघं नंतर पाऊण तास त्यावरच बोलत होते. एरवी क्रिकेट सोडलं तर त्यांच्यात बोलण्यासारखा विषय नसायचा.

त्याच उत्तरातून पुढचा शब्द निघाला 'खणखण', आणि तो दुसरीने घेतला. 'चुरा लिया है' सुरू होण्याआधी काचेचा जो आवाज येतो, तो पंचमदांनी ग्लासवर चमचा वाजवून काढला होता. हे गाणं ज्यातलं, तो 'यादों की बारात' कोणत्या सालचा? तोही १९७३. तिकडे लंडनमध्ये नाणी खणखणत होती, इकडे मुंबईत ग्लास. ही जोड कोणी ठरवून आणली नव्हती, म्हणूनच सगळ्यांना आवडली.

'गोवा' हा शब्दही द्याच. पहिलं उत्तर रेमो फर्नांडिस येणार, ते येऊ द्या. आमच्याकडे दुसरं उत्तर आलं अँथनी गोन्साल्विस. सगळे हसले, कारण डोळ्यांसमोर अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आला. पण अँथनी गोन्साल्विस हा खराखुरा माणूस होता: गोव्यातल्या माजोर्डा गावचा, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव ठेवलं. त्या काळात मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे वादक इतके का होते, हा प्रश्न त्यातूनच निघाला. उत्तर बरंचसं चर्चच्या शाळांत आहे. तिथे लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवायचे, आणि पन्नास माणसांच्या ताफ्याला एकाच वेळी एकच गोष्ट वाजवायची असली की कागद वाचता येणारे लागतात.

काही शब्द पटकन निकालात निघतात. 'कांजीवरम' म्हटलं की उषा उथुप, दुसरं काही सुचणारच नाही. 'पिरॅमिड' म्हटलं की लकी अलीचं 'ओ सनम', कारण त्याच्या व्हिडिओत ते दिसतात. 'झेब्रा क्रॉसिंग' म्हटलं की बीटल्सचा १९६९ चा अल्बम 'अॅबी रोड', आणि मग कोणीतरी कव्हरवरच्या पॉल मॅकार्टनीच्या अनवाणी पायांकडे बोट दाखवणार. 'डॉक्टर'वर मात्र दोन पक्ष पडले: एक युफोरिया बँडचा गायक पलाश सेन, जो खरोखर एमबीबीएस आहे, आणि दुसरा क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे, ज्याने बँडसाठी अर्धवट सोडलेली खगोलशास्त्राची पीएचडी २००७ मध्ये पुरी केली.

'डॉल्बी' हा शब्द आपल्याकडे दिला की काय होतं ते बघाच. नव्वद टक्के लोकांना विसर्जन मिरवणूक, छातीत बसणारा ठोका आणि आनंद शिंदे आठवतात. आमच्यातला एक जुना कॅसेटवेडा म्हणाला, "डेकवरचं बटण." रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आवाज कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण कशाला चिकटवलंय, यावर पोलीस खात्यातला एक मित्र इतका हसला की त्याला ठसका लागला.

तर कोणते शब्द द्यायचे? वस्तू, गावं, रंग, वार, कपडे, दुकानं. 'रविवार' दिला की 'रंगोली' आलीच पाहिजे. 'एसटी स्टँड' दिला की प्रल्हाद शिंदे. भावनांचे शब्द टाळा. 'प्रेम', 'विरह', 'मैत्री', आणि हो, 'पाऊसही'. यांच्यावर प्रत्येकाकडे इतकं काही असतं की एकाचं उत्तर ऐकून दुसऱ्याला काहीच वाटत नाही.

वेळेची अट मात्र सोडू नका. शब्द ऐकून पहिलं आठवेल ते सांगायचं, ही युक्ती मानसशास्त्रज्ञांची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकमध्ये कार्ल युंग असेच शब्द देऊन घड्याळ लावून बसायचा. माणूस कोणत्या शब्दाला अडखळतो, यात त्याला रस होता. पुढे १९१० मध्ये केंट आणि रोझानॉफ या दोघांनी १०० शब्द १००० लोकांना दिले, तेव्हा 'टेबल'ला सर्वांत जास्त वेळा 'खुर्ची' असंच उत्तर आलं. आपल्या खेळाला याचा उपयोग इतकाच की पहिलं उत्तर बहुधा सगळ्यांचं सारखं असतं. म्हणून आम्ही एकाच शब्दावर दोन फेऱ्या घेतो. मजा दुसऱ्या फेरीत येते. अडखळलेल्याला मात्र का अडखळलास असं विचारायचं नाही, हा अलिखित नियम. सांगायचं असेल तर तो चहाच्या वेळी आपणहून सांगतो.

व्हॉट्सअॅपवर खेळणार असाल तर फक्त व्हॉइस नोट चालतील असं ठरवा. टाइप करायला दिलं की सगळे गूगल उघडतात, आणि मग परदेशातला एखादा मित्र अर्ध्या तासाने निबंध पाठवतो.

आता तुमची भाची. तिला बिचकू नका, ती तुम्हाला हरवेल. आमच्याकडे एकीची मुलगी होती तेव्हा शब्द आला 'जांभळा'. रॉकवाला ओरडला, "डीप पर्पल!" सगळे एका सुरात म्हणाले, "भाषांतर!" मग त्याने प्रिन्सचं 'पर्पल रेन' काढलं, तेही त्याच कारणाने बाद. मुलीने शांतपणे सांगितलं, बीटीएस, म्हणजे सात जणांचा कोरियन बँड. त्यांच्यातल्या व्ही नावाच्या गायकाने २०१६ मध्ये चाहत्यांना सांगितलं की जांभळा म्हणजे दीर्घकाळचा विश्वास आणि प्रेम, आणि तेव्हापासून त्यांच्या कार्यक्रमांत सगळं स्टेडियम जांभळं होतं. पटलं, एकमताने. पुढचा शब्द तिचा होता, तिने दिला 'मिलिटरी', आणि उत्तरही तिलाच ठाऊक: त्यांच्या चाहत्यांचं नाव 'आर्मी', आणि सातही जणांना कोरियाच्या कायद्याप्रमाणे सक्तीची सेवा करावी लागली. तेव्हापासून आमच्यात नवा नियम आलाय. शब्द देणाऱ्याला त्याचं उत्तर स्वतःला माहीत असलं तरी पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तुम्ही तो सुरुवातीपासूनच ठेवा.