एमएसपी नेमायचा का? आधी त्याला पैसे कोण देतंय ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कंपनीत कंत्राटी माणसं वाढत चाललीयत, एजन्स्यांची तर गर्दीच झालीय, प्रत्येक डिपार्टमेंट आपल्या ओळखीच्या एजन्सीकडून माणूस आणतं, आणि आता वरून सांगितलंय की हे सगळं एका बाहेरच्या एमएसपीकडे (मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर, म्हणजे कंत्राटी माणसांचा सगळा कारभार तुमच्या वतीने बघणारी कंपनी) देऊन टाका. तर द्यावं का?

मी आधी एजन्सीत होते, नंतर कंपनीच्या बाजूला आले, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय. द्या, पण नीट ठरवून द्या.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. एमएसपी म्हणजे माणसं, जी तुमच्या वतीने एजन्स्यांना रिक्वायरमेंट पाठवतात, आलेले सीव्ही चाळतात, जॉइनिंगची कागदपत्रं गोळा करतात, टाइमशीट बघतात आणि सगळ्यांचं मिळून एकच बिल देतात. व्हीएमएस (व्हेंडर मॅनेजमेंट सिस्टीम) म्हणजे हे सगळं ज्यावर चालतं ते सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ फील्डग्लास (२०१४ पासून सॅप या कंपनीचं) किंवा बीलाइन. विकायला येणारे दोन्ही एकत्रच दाखवतात, पण सॉफ्टवेअरचा करार शक्यतो स्वतःच्या नावावर ठेवा, म्हणजे उद्या एमएसपी बदलला तरी जुना डेटा तुमच्याकडेच राहतो.

फायदा खरा आहे, यात वाद नाही. बऱ्याच कंपन्यांना आपल्याकडे नक्की किती कंत्राटी माणसं आहेत हेच सांगता येत नाही, कारण कायम स्टाफ एचआरच्या यादीत असतो आणि कंत्राटी माणूस परचेसच्या बिलात, तोही कधीकधी 'सर्व्हिसेस' अशा नावाखाली. सगळं एका जागी आलं की एकाच कामाला दोन डिपार्टमेंट दोन वेगळे रेट देतायत, आणि सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन अजून चालू आहे, हे पहिल्यांदा दिसतं. हे लॉगिनचं फार गंभीर आहे, याकडे कोणी बघत नाही.

आता मुद्द्याचं. एमएसपीला पैसे कुठून मिळतात? बहुतेक वेळा तुम्हाला सांगतील की तुम्हाला एक पैसाही द्यायचा नाही, फी एजन्स्यांच्या बिलातून कापू. ऐकायला छान वाटतं. पण हिशोब करून बघा. समजा बिल रेट, म्हणजे एका माणसासाठी एजन्सी तुम्हाला लावते तो दर, १०० आहे, त्यातले ८० माणसाच्या पगाराला, १० कायदेशीर देणी आणि विमा वगैरेला, उरले १०. त्यात एजन्सीनं रिक्रूटर, ऑफिस, तुमचं पेमेंट येईपर्यंत पगाराला लावलेला पैसा, सगळं भागवायचं. त्यावर एमएसपीनं बिलाचे ३ टक्के कापले की त्या १० मधले ३ गेले, म्हणजे एजन्सीच्या वाट्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा. आकडे समजायला घेतलेत, पण गणित असंच असतं. मग एजन्सी काय करते? एकतर माणसाचा पगार दाबते, नाहीतर चांगला उमेदवार दुसऱ्या क्लायंटला देते आणि तुमच्याकडे उरलेला पाठवते. सहा महिन्यांनी तुमचे मॅनेजर म्हणतात की पहिल्यासारखी माणसं येत नाहीत, आणि कुणाला कळत नाही का. फी तुम्हीच भरताय, फक्त ती बिलावर दिसत नाही.

शिवाय फी एकूण खर्चाच्या टक्क्यात असेल तर खर्च कमी करण्यात एमएसपीला काय रस असणार? म्हणून मला स्वतःला फी कंपनीनं सरळ भरणं बरं वाटतं, आणि त्यातला काही भाग कामगिरीवर: जागा किती दिवसांत भरली, माणूस टिकला का, एजन्सीला पैसे वेळेत मिळाले का. हे शेवटचं आवर्जून टाका.

दुसरं म्हणजे एमएसपीची स्वतःची स्टाफिंग एजन्सी आहे का ते विचारा. असली तर चांगली रिक्वायरमेंट आधी आपल्याच घरात फिरवण्याचा मोह होतो. एकाच प्रकारची खूप माणसं लागत असतील तर मास्टर व्हेंडर (एकच मुख्य एजन्सी, जी आधी स्वतः माणसं देते आणि उरलेली इतर एजन्स्यांकडून आणते) चालतो, तिथे वेगही मिळतो, पण वेगवेगळी कौशल्यं लागत असतील तर तटस्थ एमएसपी बघा आणि रिक्वायरमेंट सगळ्या एजन्स्यांना एकाच वेळी जाते का ते व्हीएमएसच्या नोंदीत तपासा.

आणि जबाबदारी बाहेर जाईल अशी आशा मॅनेजमेंटला असेल तर ती आधीच मोडून काढा. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या कर खात्यानं मायक्रोसॉफ्टचे बरेच फ्रीलान्सर खरं तर कर्मचारीच आहेत असं ठरवलं, मग कंपनीनं त्यातल्या अनेकांना तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारावर टाकलं, तरी शेअर खरेदी योजनेच्या लाभावरून कोर्टकज्जा वर्षानुवर्षं चालला आणि २००० मध्ये ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. ब्रिटनमध्ये २०११ पासून एजन्सीचा माणूस त्याच कामावर १२ आठवडे राहिला की मूळ पगार आणि कामाचे तास, सुट्ट्या या बाबतीत थेट घेतलेल्या माणसाइतकाच हक्क मिळतो. तिथेच एप्रिल २०२१ पासून, स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणारा कॉन्ट्रॅक्टर कराच्या दृष्टीनं कर्मचाऱ्यासारखा धरायचा का, हे मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांनी स्वतः ठरवायचं असतं. देशादेशात नियम वेगळे आहेत, पण रोजचं काम कोण सांगतं, रजा कोण मंजूर करतं हे जवळपास सगळीकडे बघितलं जातं. तुमचा मॅनेजर हे सगळं करत असेल तर मध्ये कितीही कंपन्या उभ्या करा, प्रश्न तुमच्याकडे येऊ शकतो.

एक पळवाट आत्ताच बंद करा. एमएसपी आला की काही मॅनेजर माणूस घेण्याऐवजी 'प्रोजेक्ट'चा एसओडब्ल्यू (स्टेटमेंट ऑफ वर्क, म्हणजे माणसाऐवजी ठरावीक कामाचं कंत्राट) काढतात, कामात काही फरक नसतो, फक्त तो माणूस यादीतून गायब होतो. तेही पहिल्या दिवसापासून व्हीएमएसमध्ये आणा.

शेवटी, तुमच्या बाजूला या कामाचा एक पूर्णवेळ माणूस हवाच, ज्याला एजन्स्या एमएसपीला वगळून थेट फोन करू शकतील आणि पगार अडकला तर कंत्राटी माणूसही ज्याच्याकडे जाऊ शकेल. ती नेमणूक करार करायच्या आधी करा, आणि करारातल्या फी आणि एक्झिटच्या अटींवर वाटाघाटीला त्यालाच बसवा.