स्क्रूड्रायव्हर कुणाच्या हातात?

"आमचा मुलगा हातात घेतलेलं काहीच पूर्ण करत नाही. हौसेने रोबोटचं किट मागितलं, आणि गाडी एकदा रेषेवरून घसरली की सगळं ढकलून उठतो. याच्यात चिकाटीच नाही का?"

दहा वर्षांच्या मुलाचे आई-बाबा विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ही काळजी घेऊन बरेच पालक येतात.

किट साधं होतं. काळ्या टेपच्या रेषेवरून धावणारी गाडी, दोन पिवळ्या मोटारी आणि खाली तोंड केलेले दोन इन्फ्रारेड सेन्सर. सेन्सर आपल्याला न दिसणारा प्रकाश जमिनीवर टाकतो. पांढरा कागद तो परत पाठवतो, काळी टेप बराचसा शोषून घेते. त्यावरून कोणती मोटार थांबवायची ते ठरतं.

"गाडी चुकली की पुढे काय होतं?" मी विचारलं.

"मी बघतो ना काय झालंय ते," बाबा म्हणाले.

"आणि हा टीव्हीसमोर जाऊन बसतो," आई म्हणाली.

बाबांची तळमळ खरी होती. पण गाडी अडली की स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे जायचा, सेन्सरवरचा निळा प्रीसेट (सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा ते ठरवणारा छोटा स्क्रू) ते फिरवायचे आणि गाडी चालू लागायची. मुलाला दिसायचं ते एवढंच: आपल्या हातून बिघडलं, बाबांनी नीट केलं. मधली शोधाशोध त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही, आणि चिकाटी तर तिथेच रुजते. मी त्याच्या एकट्याशी बोलले तेव्हा तो म्हणाला, "ते किट बाबांचंच आहे."

आम्ही ठरवलं की बाबांनी शेजारी बसायचं, हात लावायचा नाही आणि एकच प्रश्न विचारायचा: "आत्ता सेन्सरला काय दिसतंय?" याचं उत्तर सेन्सरच्या छोट्या पट्टीवरच होतं. पांढऱ्यावर धरला की त्यावरचा छोटा दिवा लागतो, काळ्यावर विझतो. चूक कुणाची, हा विषयच निघत नाही.

पुढच्या भेटीत मुलगाच सांगत होता. गाडी दुपारी भरकटायची, रात्री शहाण्यासारखी चालायची. गॅलरीच्या दारातून ऊन येत होतं आणि उन्हात काळ्या टेपवरही दिवा लागलेलाच राहत होता. त्याने पडदा ओढला आणि दिवा विझला. उन्हातही इन्फ्रारेड असतं, हे बाबांनी त्यानंतर सांगितलं, आणि तेव्हा ते त्याने कान देऊन ऐकलं. घरातल्या मोझॅकच्या ठिपक्यांनी सेन्सर गोंधळतो हेही त्यालाच सापडलं. आता खाली पांढरा चार्टपेपर असतो.

बाबांना सर्वांत जड गेलं ते गप्प बसणं. मोटारीच्या वायरी उलट्या जोडल्या तर चाक उलटं फिरेल, फिरू दे. मात्र बॅटरीची दोन टोकं एकमेकांना भिडणार असतील तर तिथे लगेच हात धरायचा, आणि लिथियम सेल असतील तर ते मोठ्यांनीच हाताळायचे. एक गोष्ट मी आवर्जून सांगते: चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर अशा मोटारी फार वेळ तग धरत नाहीत आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. चार पेन्सिल सेल बरे.

अभ्यास, खेळ, मित्र, सगळीकडेच मूल असं पटकन माघार घेत असेल, किंवा "मी मूर्खच आहे" असं वारंवार म्हणत असेल, तर मात्र समुपदेशकाला जरूर भेटा. हा मुलगा चित्र काढायला बसला की जेवायला हाका माराव्या लागत. म्हणून त्याच्याबाबत मला तशी धास्ती वाटली नाही.

तो अजूनही चिडतो, उठतो, पाणी पिऊन परत येतो. आता त्याला अडथळा दिसला की थांबणारी गाडी हवी आहे. त्यासाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर (ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) आणायला दोघं जाणार आहेत, आणि दुकानदाराशी बोलायचं काम मुलाचं, असं बाबांनीच ठरवलंय.