कोकणात रोज चालवायची गाडी दोन इंच खाली करावी का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत राहता, स्विफ्ट आहे, आंबा घाटात वळणावर ती फार कलते. म्हणून चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून गाडी दोन इंच खाली घ्यायचा विचार आहे आणि ओळखीचा फिटर म्हणतो, 'काही होत नाही'. रोजच्या वापराला त्रास होईल का, हा तुमचा प्रश्न.

त्रास होईल. शिवाय ज्यासाठी हे करताय ते कलणंही त्यातून सुटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं चिपळूणला गॅरेज आहे आणि इथल्या रस्त्यांमुळे आमच्याकडे सस्पेन्शनचं काम बारमाही चालू असतं.

आधी साधा हिशोब. स्विफ्टचं कंपनीने दिलेलं ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, १६३ मिलिमीटर, तेही रिकाम्या गाडीचं. दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर गेले की उरतात ११३. गतिरोधक कसा असावा याचा भारतीय रस्ते काँग्रेसचा नियम आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर २.४५ मीटर, त्यामुळे अशा गतिरोधकावर अख्खी गाडीच वर चढते आणि पोटाखालची जागा फक्त ४४ मिलिमीटरने कमी होते. तिथे खाली केलेली गाडीसुद्धा सुटेल. पण आपल्याकडे वाडीच्या तोंडाशी, शाळेसमोर जे घातलेले असतात ते असे कुठे असतात? हातभर रुंद आणि उभे. तो उंचवटा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध येतो आणि त्याची पुरी उंची पोटाला भिडते. त्यात गणपतीत मुंबईहून घरची माणसं येतात, मागे तिघं आणि डिकी भरलेली. मग लागतं ते चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) नाहीतर सायलेन्सरचा पाइप. महामार्गाच्या कामात डायव्हर्जनला नव्या काँक्रीटची जी कड लागते, तिथेही तेच.

फेरीबोटीचं वेगळं सांगतो, कारण तुम्ही गुहागर-दापोलीकडे जात असाल. जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे, कुठेही पाहा. जेट्टीचा उतार आणि बोटीचा लोखंडी रॅम्प जिथे मिळतात तिथे कोन पडतो आणि भरती-ओहोटीप्रमाणे तो बदलतो. त्या कोनात आधी पुढचा बंपर घासतो आणि तो सुटला तर रॅम्पच्या वरच्या कडेवर पोट टेकतं. मागे गाड्यांची रांग आणि खाली शेवाळलेला उतार, अशा जागी गाडी अडकली तर ना धड पुढे ना मागे.

आता खरा मुद्दा. घासणं दिसतं तरी, जे दिसत नाही ते जास्त वाईट आहे. खड्डा किंवा उंचवटा आला की चाकाला वर जायला जागा लागते. शॉकअपच्या दांड्यावर वरच्या बाजूला एक रबर असतं, बंप स्टॉप. त्या रबरापर्यंतची जागा हीच तुमची सगळी शिल्लक. गाडी दोन इंच खाली केली की त्यातली पाच सेंटिमीटर गाडी उभी असतानाच खर्च झाली. मग मध्यम खड्ड्यातसुद्धा शॉकअप रबरावर आपटतो आणि तो दणका थेट बॉडीला, स्ट्रट माउंटिंगला (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जिथे धरलेलं असतं तिथे), त्यातल्या बेअरिंगला बसतो. घाटात वळण घेताना बाहेरचं चाक आधीच दबलेलं असतं. तेव्हाच खड्डा आला तर ते चाक रबराला टेकतं, त्या कोपऱ्यात सस्पेन्शन क्षणभर नसल्यासारखंच होतं आणि टायर रस्ता सोडतो. पावसाळ्यात, ओल्या घाटात हे किती महागात पडेल ते तुम्हाला सांगायला नको.

आणि कलण्याचं काय? तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या जोडणीत, आणि खाली चाकाला गाडीशी जोडणारा एक आडवा दांडा, लोअर आर्म. गाडी वळणावर एका काल्पनिक बिंदूभोवती कलते. तो बिंदू कुठे असेल ते लोअर आर्मच्या तिरकेपणावर ठरतं. गाडी खाली आणली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, आणि तो बिंदू गाडी जेवढी खाली आली त्याहून जास्त खाली सरकतो. म्हणजे गाडीच्या वजनाचा मध्य आणि तो बिंदू यांतलं अंतर वाढलं, आणि गाडीला कलवणारा जोर उलट वाढला. लोकांना गाडी घट्ट झाल्यासारखी वाटते ती निव्वळ स्प्रिंग कडक झाल्यामुळे. शिवाय स्टिअरिंगचा टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म यांचे कोन आता जुळत नाहीत. त्यामुळे खाचखळग्यात चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग न फिरवताही ते थोडं वळतं. टो, म्हणजे चाकं समोर सरळ बघतात की आत-बाहेर वळलेली आहेत ते, बिघडतो आणि टायर आतल्या कडेने झिजतात. पुढचा टो अलाइनमेंटवर सरळ करता येतो, मागे मात्र टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा तुळईसारखा भाग आहे, तिथे सेटिंगला काही ठेवलेलंच नाही.

स्प्रिंग कापण्याबद्दल तर माझं स्पष्ट मत आहे: कोणीही सांगितलं तरी कापू नका. स्प्रिंगला समजा पाच कामाचे वेढे आहेत. एक काढला की ती सव्वापट कडक होते, पण शॉकअप जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा राहतो. मग तो तिचा उसळा आवरू शकत नाही आणि गाडी टणाटण उडते. गॅसने कापली तर त्या जागचं पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कस जातो, आणि पुढे स्प्रिंग तिथेच तुटते. आमच्याकडे अशी एक गाडी आली होती, तक्रार फक्त 'आवाज येतो' एवढीच. लिफ्टवर घेतली, चाकं लोंबली, आणि मागची स्प्रिंग मी दोन बोटांनी गोल फिरवली. बैठकीत ती बसलेलीच नव्हती. कापलेलं टोक बैठकीच्या वाटीत नीट टेकत नव्हतं, रबर चिरलं होतं आणि वाटीच्या कडेला चकचकीत घासल्याची खूण होती. मोठ्या खड्ड्यात चाक असंच लोंबतं आणि त्याच क्षणी स्प्रिंग जागा सोडू शकते.

तयार लोअरिंग स्प्रिंगा किंवा कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) यांत कापाकापीचा धोका नाही. पण जागेचा आणि कोनांचा प्रश्न तोच. त्यात आपल्या खाऱ्या हवेत आणि लाल चिखलात कॉइलओव्हरचे आटे असे धरतात की नंतर उंची बदलायची म्हटलं तर त्यांवर फिरणारी कॉलर हलत नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच म्हटलं. कलम १८२अ(४) प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला कापलेली स्प्रिंग पहिल्या नजरेत दिसते.

मग कलणाऱ्या गाडीचं करायचं काय? आधी ती मूळची कलते की झिजल्यामुळे, ते बघा. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का? लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) चिरलेत का, लिंक रॉड (गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी सळई) खडखडतो का? टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे आहे का? स्विफ्ट पाच-सहा वर्षं कोकणात फिरलेली असेल तर यातलं काहीतरी निघतंच. पुढचे दोन्ही शॉकअप माउंटिंगसकट, आर्मचे बुश आणि त्यानंतर अलाइनमेंट, एवढं झालं की बहुतेकांची तक्रार मिटते. पैसे उरले तर त्याच मापाचे, ओल्या रस्त्यावर पकड चांगली असणारे टायर घाला. घाटात जो विश्वास तुम्हाला हवा आहे तो इथून येतो.

तरीही मनात राहिलंच, तर पैसे खर्च करण्याआधी एक करा. पुढच्या शॉकअपचं धुळीचं कव्हर वर सरकवा, दांड्याला तळाशी एक प्लास्टिकचा केबल टाय घट्ट बांधा आणि कव्हर परत खाली घ्या. घरची चार माणसं बसवून तुमच्या रोजच्या रस्त्याने जाऊन या. चाक वर गेलं की शॉकअपची नळी तो टाय वर ढकलते आणि तो तिथेच थांबतो. परत आल्यावर टायपासून वरच्या रबरापर्यंत किती अंतर उरलंय ते मोजा. ते दोन इंचांहून कमी भरलं, तर गाडी खाली करायला तुमच्याकडे जागाच नाही.