प्रमोशन मिळालं, रेटिंग चांगलं, तरी रोज वाटतं आज आपलं पितळ उघडं पडणार. हे कधी जातं का?

याला 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात, म्हणजे यश मिळूनही आपण तोतया आहोत असं वाटत राहणं. खरं सांगू का, माझं पूर्ण गेलेलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये १२ वर्षं झाली, त्यातली ४ लीड म्हणून. आधी वाटायचं पुढचं प्रमोशन मिळालं की जाईल, पण कसलं काय, उलट जितकं वर जावं तितकी पडायची भीती जास्त.

माझं कसं व्हायचं सांगतो. क्लायंटसमोर २० मिनिटांचं प्रेझेंटेशन असलं की रात्री दोनपर्यंत बसून कोण काय विचारेल याची वेगळी एक्सेल शीट करायचो, ६० प्रश्न उत्तरांसकट, आणि प्रत्यक्षात विचारले जायचे तीन. सगळे म्हणायचे मस्त झालं, आणि माझ्या डोक्यात एकच, रात्रभर घासली म्हणून निभावलं, नाहीतर काही खरं नव्हतं. आता यात गोम बघा, आपल्याला काम येतं हे सिद्ध व्हायला जागाच उरत नाही. तयारी केली तर क्रेडिट तयारीला, ऐनवेळी उरकून जमलं तर नशिबाला.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर पहिला पेपर लिहिला, दीडशेहून जास्त यशस्वी बायकांशी बोलून, त्यात पीएचडीवाल्याही होत्या. (त्यांनी याला 'इम्पोस्टर फेनॉमेनन' म्हटलं होतं, 'सिंड्रोम' नंतर चिकटलं, आणि हे काही आजाराचं निदान नाहीये.) क्लान्सबाईंची पुढे २० प्रश्नांची टेस्टही आली. मी ती भरली, स्कोअर चांगलाच वर आला आणि पहिला विचार काय, तर आपण उगाच वाढवून भरलंय. म्हणजे इम्पोस्टर असण्यातही मी इम्पोस्टर!

फरक पडला तो अपघाताने. सहकारी आजारी पडला आणि त्याचं सेशन माझ्या गळ्यात आलं, तयारी शून्य. दोन प्रश्नांना सरळ 'बघून सांगतो' म्हणालो. वाटलं झालं, संपलं सगळं, पण समोरच्याने मान डोलावली, वहीत टिपून घेतलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. तेव्हापासून शीट मुद्दाम कमी करत आणतोय, ६० वरून ३०, मग २०. तुम्हीही एकदा जाणूनबुजून कमी तयारीने जाऊन बघा, छोट्या मीटिंगपासून सुरू करा, एकदम बोर्डासमोर नको.

गेल्या आठवड्यात १० वर आलो. अकरावा प्रश्न टाईप केला होता, तो डिलीट केला. क्लायंटने नेमका तोच विचारला. म्हटलं, उद्या मेल करतो.