डेम्पस्टरला जाताय तर आधी डिकी उघडून स्टेपनी बघा

तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. ऑगस्टच्या शेवटी टोरंटोहून विमानाने कॅनडाच्या उत्तरेकडचं, युकॉनमधलं व्हाइटहॉर्स, तिथून भाड्याची एसयूव्ही, तंबू, दोन मुलं, सासू-सासरे, डेम्पस्टर हायवे या लांबलचक खडीच्या रस्त्याने आर्क्टिक समुद्राकाठचं टुक्टोयाक्टुक (सगळे 'टुक' म्हणतात) गाठून सहा दिवसांत परत, आणि विचारलंय काय तर अस्वलाला चाहूल लागावी म्हणून बांधायची घंटी कुठली घ्यावी आणि डबे घट्ट बंद असतील तर तंबूत ठेवले तर चालेल का. घंटीचं सांगते खाली. मला टोचलं ते तुमचं शेवटचं वाक्य, 'गाडीवाल्यांना फोनवर विचारलं, ते म्हणाले नो प्रॉब्लेम.' अगदी हेच आम्हालाही सांगितलं होतं, २०१९ साली.

मी, नवरा, मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, आणि सासूबाई. एडमंटनहून विमानाने गेलो कारण व्हाइटहॉर्सपर्यंत गाडी हाकायचे दोन-दोन दिवस वाचवायचे होते. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला ग्रॅव्हल, म्हणजे खडीचा रस्ता? हो, सगळेच जातात. टॅबलेटवर बोटाने सही केली, मजकूर कोण खालपर्यंत वाचतंय, मागे लाइन होती. 'गाडीत सगळं आहे' म्हणून किल्ली दिली. आम्ही डिकीत तंबू, बॅगा, शेगडी ठासून भरली आणि निघालो. कोणीही खालची मॅट उचलून बघितली नाही. कोल्हापूरहून गोव्याला जायचं तरी माझे बाबा आदल्या दिवशी स्टेपनीची हवा बघायचे, आणि मी त्यांची मुलगी!

ओगिलव्ही नदी मागे टाकून रस्ता वर चढतो, तिथे डेम्पस्टरच्या २८०व्या किलोमीटरच्या आसपास मागचा टायर गेला. पंक्चर नाही, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत ब्लेडने चिरावी तशी चिरलेली. त्या रस्त्यावर शेलचा दगड आहे, पाटीसारखा थरांचा आणि धारदार. सगळं सामान रस्त्याकडेला काढून मॅट उचलली तर खाली स्टेपनी नाहीच. फोमच्या खाचेत एक छोटा कॉम्प्रेसर आणि चिकासारख्या पातळ पदार्थाची बाटली. हल्ली बऱ्याच नव्या गाड्यांना असंच असतं म्हणे. खिळा घुसला तर त्याने काम होतं, साइडवॉल फाटली की ती बाटली डोक्यावर ओतून घ्या. जॅकही नाही, स्टेपनीच नाही तर जॅक कशाला देतील! मोबाइलला रेंज नाही, डेम्पस्टर सुरू होण्याआधीचं शेवटचं गाव डॉसन सोडल्यापासून नव्हतीच.

पाऊण तासाने एक ट्रकवाला थांबला, नवरा त्याच्याबरोबर ईगल प्लेन्सला गेला. ३६९व्या किलोमीटरला एवढंच एक ठिकाण आहे, हॉटेल, पेट्रोल, टायरचं काम. आम्ही तिघं गाडीत. आणि मग समोरच्या उतारावर ग्रिझली अस्वलीण, दोन पिल्लांसकट, बेरी खात. दोन-अडीचशे मीटर असेल. खांद्यावरचा उंचवटा दुर्बिणीशिवाय दिसत होता. काचा बंद करून बसलो. मुलाला भूक लागली तर धपाट्यांचा डबा उघडायची माझी हिंमत होईना, सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, 'ती तिच्या पोरांना चारतेय, तू तुझ्याला चार.' डबा उघडला. तिने मान वर करूनही बघितलं नाही. सात तासांनी नवरा जुना टायर आणि तिथल्या माणसाला घेऊन परत आला. तेवढ्या मापाचा टायर तिथे पडून होता हे नशीब, एरवी डॉसनहून मागवायला लागला असता.

आता खरी गंमत. गाडी परत करताना काउंटरवर वेगळीच बाई. ती म्हणाली हा रस्ता करारात चालतच नाही. नवा टायर, काचेला गेलेली चीर, खालची चिखल-सफाई (कॅल्शियम क्लोराइड मारतात त्या रस्त्यावर, पाऊस पडला की सिमेंटसारखा थापला जातो), वर गाडी दुरुस्तीत बंद राहील त्या दिवसांचं भाडंही आमच्याच डोक्यावर. जास्तीचे पैसे भरून घेतलेला विमा 'ग्रॅव्हलवर नेली' या एका ओळीने रद्द. क्रेडिट कार्डाच्या विम्याला कळवलं तर ते म्हणाले करार मोडलात ना, मग आम्हीही नाही. आम्ही म्हटलं तुमच्याच माणसाने हो म्हटलंय, तर काउंटरवर कोण काय बोललं त्याची नोंद नाही. पाच महिने ईमेल, दरवेळी नवीन माणूस, दरवेळी 'आम्ही तुमची अडचण समजू शकतो'. काही समजू शकत नव्हते. सगळं मिळून ३,८०० डॉलर गेले. नाव विचारू नका, सांगणार नाही, आणि नाव महत्त्वाचं नाहीये, करारातली ती ओळ बहुतेकांकडे असते.

म्हणून 'नो प्रॉब्लेम' ईमेलवर मागा. 'डेम्पस्टर' हा शब्द लिहून मागा, नुसतं ग्रॅव्हल नको. लिहून दिलं नाही तर उत्तर 'नाही' आहे असं समजा. या रस्त्याला परवानगी देणारे लोक मिळतात, महाग असतात, तरी आमच्यापेक्षा स्वस्त पडेल. पूर्ण मापाची स्टेपनी हवीच, दोन असतील तर उत्तम, आणि गाडी ताब्यात घेतल्यावर पार्किंगमध्येच एकदा चाक काढून लावून बघा, लोक हसले तर हसू देत. मी वकील नाही, विम्यातलीही नाही, तुमच्या कार्डाच्या अटी तुम्हीच वाचा. आणि माझी माहिती २०१९ची आहे हेही लक्षात ठेवा.

टुकबद्दल माझं स्पष्ट मत, जाऊ नका. व्हाइटहॉर्सपासून एका बाजूने साधारण १,३७० किलोमीटर, त्यातले साडेआठशेच्या आसपास कच्चा रस्ता, मध्ये पील आणि मॅकेन्झी नदीवर दोन फेरीबोटी ज्या पाणी वाढलं की थांबतात. सहा दिवसांत मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन तो प्रवास नाही, शिक्षा आहे. समुद्राला हात लावल्याचा फोटो काढायला इतकं? त्यापेक्षा ७१व्या किलोमीटरला टूम्बस्टोन पार्क आहे, तिथे तीन रात्री राहा. ऑगस्टअखेर तिथला टुंड्रा लालभडक होतो, रात्र परत काळोखी व्हायला लागते त्यामुळे नशीब असेल तर अरोरा म्हणजे आकाशातले हिरवे उत्तरी प्रकाशसुद्धा. पण तेवढ्या ७१ किलोमीटरलाही करारातली ओळ लागू होते हे विसरू नका.

अस्वलाचं थोडक्यात, मी काही तज्ज्ञ नाही. घंटी घेऊ नका, उपयोग नाही. मोठ्याने बोला, झुडपं दाट असतील तिथे टाळ्या वाजवा, आपल्या घरात आवाजाची कमतरता नसते. अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे घ्या पण व्हाइटहॉर्सला उतरल्यावर, विमानात हातातल्याही आणि चेक-इन बॅगेतही चालत नाही. कमरेला लावा, सॅकच्या तळाशी ठेवलेला स्प्रे म्हणजे नसल्यासारखाच. उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका, फुटतो. आणि डासांच्या औषधासारखा तंबूभोवती मारू नका, हे करणारे लोक मी बघितलेत, त्या वासाने अस्वल उलट जवळ येतं.

तंबूत डबा नाही म्हणजे नाही, कितीही घट्ट असो. टूथपेस्ट, लिप बाम, मुलांच्या खिशातल्या गोळ्या, सगळं गाडीत, काचा बंद. टपावरच्या कापडी बॅगेत तर अजिबात नको. आमच्याकडे दुसऱ्या रात्री अकरा वाजता सासूबाईंच्या उशाच्या पिशवीत कांदा-लसूण मसाल्याची पुडी सापडली, म्हणे जेवण सपक लागलं तर असावी. नवरा थर्मल घालूनच गाडीकडे पळाला. स्वयंपाकाचे कपडेही बदलून झोपा, फोडणीचा वास दोन दिवस जात नाही हे तुम्हाला सांगायला नको.

पेट्रोल डॉसनला पूर्ण भरा, ते डेम्पस्टर जिथे सुरू होतो त्या फाट्याच्या ४० किलोमीटर पुढे आहे तरी जा आणि परत या. शक्य असेल तर सॅटेलाइट मेसेज जाईल असं काहीतरी भाड्याने घ्या. सासऱ्यांच्या गोळ्या असतील तर दोन-तीन दिवसांच्या जास्तीच्या ठेवा, पावसात रस्ता बंद झाला की कोणी विचारत नाही.

करार हातात आला की त्या पानाचा फोटो पाठवा हवं तर. बारीक अक्षरं वाचायची आता सवय झालीये.