२०२० साली नॉर्वेची फुटबॉल लीग कोणी जिंकली आणि तो मोसम एवढा का गाजला?

बोडो/ग्लिम्टने, आणि तीही अक्षरशः एकतर्फी. ३० सामन्यांत २६ विजय, ३ बरोबरी, एकच पराभव. १०३ गोल आणि ८१ गुण. दुसऱ्या आलेल्या मोल्डेचे ६२! क्लबचं गाव बोडो, आर्क्टिक वृत्ताच्या वरचं छोटं शहर. उत्तर नॉर्वेतल्या कुठल्याही क्लबने त्याआधी लीग जिंकली नव्हती. कोरोनामुळे मोसम जूनमध्ये सुरू झाला. प्रशिक्षक क्येतिल क्नुत्सन, खेळ सतत आक्रमक. कॅस्पर युंकरने एकट्याने २७ गोल मारले. मला मात्र जास्त नवल याचं वाटतं की संघाचा आक्रमक खेळाडू येन्स पेटर हाउगे ऐन मोसमात इटलीच्या एसी मिलान क्लबला गेला, तरी संघाचा वेग काही कमी झाला नाही. आणि हाच क्लब २०१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळत होता.